शर्यतीच्या गाडीवरील आंकडा

आमच्या शाळेंत सायकलीवरून येणाऱ्या एका विद्यार्थ्यानें आपल्या सायकलीच्या मागील पत्र्यावर पिवळ्या रंगानें ४६ हा आंकडा रंगविला आहे. "हा तुझा हजेरीचा नंबर काय रे?" असें आम्हीं त्यास सहज विचारलें. "नाहीं सर, हा रॉसीचा नंबर आहे," असें उत्तर मोठ्या अभिमानानें मिळालें. "पण रॉसीला हाच नंबर कां? त्याला तो दिला कोणीं?" या पुढच्या प्रश्नास मात्र तो निरुत्तर झाला, आणि खरें सांगावयाचें तर त्या वेळीं आम्हांसही त्याचें उत्तर नीटसें ठाऊक नव्हतें. पुढें थोडा शोध केल्यावर जी माहिती हातीं आली ती इतकी मनोरंजक वाटली कीं, ती आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावी म्हणून हा अल्प प्रयत्न.

पहिली गोष्ट ही कीं, मोटारसायकलीच्या शर्यतींत गाडीवर आंकडा असतो तो शोभेसाठीं नव्हे. वीस-बावीस स्वार डोक्यावर शिरस्त्राण व अंगांत चामडी पोशाख घालून ताशीं ३०० किलोमीटरांहूनही अधिक वेगानें समोरून निघून जातात. चेहरा कोणाचाच दिसत नाहीं. अशा वेळीं कोण पुढें, कोण मागें, कोणाचे किती फेरे झाले, हें ओळखावयाचें कसें? पूर्वीं मार्गाच्या कडेला बसलेले गणक प्रत्येक फेऱ्याला पुढून गेलेल्या गाड्यांचे आंकडे क्रमानें कागदावर टिपून घेत. एखादा ३ हा ८ असा वाचला गेला, तर एकाचें श्रेय दुसऱ्याच्या पदरांत पडावयाचें! म्हणून आंकडा मोठा, ठळक व पाटीच्या रंगावर उठून दिसणारा असावा असा दंडक पडला. पाटीचे रंगही ठरलेले होते. ५०० सी.सी.च्या गाड्यांस पिवळ्या पाटीवर काळा आंकडा, ३५० सी.सी.स निळ्यावर पांढरा, २५० सी.सी.स हिरव्यावर पांढरा, १२५ सी.सी.स काळ्यावर पांढरा आणि ५० सी.सी.च्या चिमुकल्या गाड्यांस पांढऱ्यावर काळा. म्हणजे पाटीचा रंग पाहून वर्ग समजावा आणि आंकडा पाहून स्वार समजावा. आज गाडीवर बसविलेलें एक लहानसें यंत्र फेऱ्यांची व वेळेची नोंद आपोआप पाठवितें. तरीही पंचांस व प्रेक्षकांस डोळ्यांनीं ओळख पटावयास आंकडा लागतोच.

आतां हा आंकडा कोणीं द्यावयाचा? मोटारसायकलींची जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा १९४९ सालीं सुरू झाली. तेव्हां ज्या ठिकाणीं शर्यत असेल तेथील व्यवस्थापक आपल्या सोयीनें आंकडे वांटीत. आज १२ ची पाटी लावून धांवलेला स्वार पुढच्या महिन्यांत दुसऱ्या देशांत ४० ची पाटी लावी. आंकड्याशीं त्याचें कांहींच नातें नसे. परीक्षेच्या बांकावर खडूनें लिहिलेल्या नंबरासारखाच तो प्रकार. पेपर संपला कीं नंबरही संपला.

कांहीं ठिकाणीं मात्र आंकड्यास आणखीही एक काम असतें. इंग्लंड व आयर्लंड यांच्यामधील समुद्रांत आयल ऑफ मॅन नांवाचें बेट आहे. तेथें १९०७ सालीं टी. टी. ही प्रसिद्ध शर्यत सुरू झाली. हल्लीं ती जेथें होते तो डोंगरांतून जाणारा मार्ग सुमारें ३७¾ मैलांचा असून तो नेहमींच्या रहदारीचा रस्ता आहे. शर्यतीपुरता तो बंद करितात. रस्ता अरुंद, दोहों बाजूंस घरें व दगडी कुंपणें. म्हणून सर्वांस एकदम न सोडतां दर १० सेकंदांनीं एकेकास सोडतात. येथें आंकडा म्हणजे निघण्याची पाळी. अनुभवानें व पूर्वीच्या कामगिरीनें जे श्रेष्ठ, त्यांस आरंभींचे आंकडे देतात, म्हणजे वेगवान स्वारांस मंद स्वारांच्या गर्दींतून वाट काढावी लागत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांनीं येथें एक छोटेसें गणित करून पाहावें. १ नंबरचा स्वार निघाल्यानंतर १० नंबरचा ९० सेकंदांनीं निघतो. समजा, १ नंबरवाला प्रथम परत आला आणि १० नंबरवाला त्याच्यामागून ८० सेकंदांनीं आला. तर पुढें कोण? डोळ्यांस १ नंबरवाला पुढें दिसतो, परंतु शर्यतींत १० नंबरवाला १० सेकंदांनीं पुढें आहे! हा हिशेब प्रेक्षकांस समजावा म्हणून तेथें प्रेक्षागृहासमोर एक भला मोठा फळा असे व त्यावर प्रत्येक आंकड्याखालीं त्या स्वाराची वेळ लिहिण्याचें काम अनेक वर्षें बालवीर पथकांतील मुलें करीत असत. जगांतील नामांकित स्वारांचें यशापयश आमच्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलांच्या हातून फळ्यावर चढत होतें, हें वाचून आम्हांस मोठें कौतुक वाटलें.

आपल्या बोलण्यांत 'नंबर' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. "तुझा हजेरीचा नंबर किती?" यांतला नंबर म्हणजे नुसती खूण, आणि "तुझा नंबर कितवा आला?" यांतला नंबर म्हणजे मान. शर्यतीच्या आंकड्याचेंही पुढें असेंच झालें. गेल्या वर्षीं जो जिंकला त्यानें या वर्षीं १ चा आंकडा लावावा, अशी रूढि पडली. अमेरिकेंत १९४६ पासून १९५३ पर्यंत इलिनॉय प्रांतांतील स्प्रिंगफील्ड येथील एक मैलाच्या मातीच्या मार्गावरील एकच शर्यत जो जिंकी तो राष्ट्रीय विजेता ठरे व १ ची पाटी त्याची होई. एका दिवसाच्या दैवावर वर्षाचा मान ठरणें बरें नव्हे म्हणून कीं काय, १९५४ पासून वर्षभराच्या शर्यतींतील गुणांच्या बेरजेवर विजेता ठरूं लागला. त्याच देशांत खांचखळग्यांच्या मार्गावरील शर्यतींत, ज्यांस मोटोक्रॉस म्हणतात, आंकडा हा कमवावाच लागतो. मुख्य अजिंक्यपद मिळविणाऱ्यांस एक-अंकी आंकडा. वर्षभरांत उत्तम गुण मिळविणाऱ्यांस कायमचा दोन-अंकी आंकडा. आणि बाकीच्यांस गुणानुक्रमानें दरवर्षीं मिळेल तो.

परंतु १ या आंकड्यांत एक मोठी अडचण आहे. तो कोणाचाच नसतो. एक वर्षाच्या बोलीनें तो उसना मिळतो आणि पुढच्या वर्षीं दुसऱ्यानें जिंकल्यास परत करावा लागतो. इंग्लंडचा बॅरी शीन हा ७ हा आंकडा लावीत असे. १९७६ व १९७७ या दोन्ही वर्षीं तो ५०० सी.सी. वर्गांत जगज्जेता झाला. १ लावण्याचा अधिकार हातीं असतांही त्यानें आपला ७ सोडला नाहीं. लोक त्यास ७ या आंकड्यानें ओळखीत आणि तो आंकडा पाहिला कीं त्यांस शीन आठवे. खूण म्हणून आलेला आंकडा आतां नांव होऊन बसला होता.

हल्लीं मोटो-जी.पी. या सर्वांत वरच्या वर्गांत स्वारानें २ पासून ९९ पर्यंतचा आंकडा मागून घ्यावयाचा व तो वर्षभर वापरावयाचा, अशी पद्धत आहे. १ हा केवळ जगज्जेत्यासाठीं राखलेला. तो घ्यावयाचा कीं नाहीं हें त्याच्या इच्छेवर. एका वर्गांत एक आंकडा दोघांस मिळत नाहीं. म्हणून नवीन येणाऱ्यास कधीं कधीं युक्ति करावी लागते. इटलीचा फ्रान्सेस्को बान्याया हा खालच्या वर्गांत प्रथम २१ व पुढें ४२ हे आंकडे लावीत असे. २०१९ सालीं तो वरच्या वर्गांत आला तेव्हां २१ हा फ्रँको मॉर्बिदेल्लीजवळ व ४२ हा आलेक्स रिन्सजवळ होता. तेव्हां त्यानें काय करावें? दोन्ही आंकड्यांची बेरीज केली आणि ६३ घेतला!

आतां त्या विद्यार्थ्याच्या ४६ कडे वळूं. व्हॅलेंटिनो रॉसीचे वडील ग्राझियानो रॉसी हेही स्वार होते. १९७९ सालीं, म्हणजे पुत्राच्या जन्माच्याच वर्षीं, त्यांनीं २५० सी.सी. वर्गांत जागतिक स्पर्धेच्या तीन शर्यती जिंकल्या. त्यांतील पहिली जिंकली तेव्हां त्यांच्या गाडीवर ४६ हा आंकडा होता. पुत्रानें तोच उचलला. पुढें तो नऊ वेळां जगज्जेता झाला. परंतु १ च्या मोहानें त्यानें वडिलांचा आंकडा एकदांही उतरविला नाहीं. अमेरिकेच्या निकी हेडनचा ६९ हाही वडिलांकडूनच आलेला. वडील विनोदानें म्हणत कीं, आपण पडलों व गाडी उलटी झाली तरी हा आंकडा सुलटाच वाचतां येतो! २००६ सालीं हेडन जगज्जेता झाला. त्यानें मात्र २००७ सालीं १ लावला व पुढील वर्षीं पुन्हां घरच्या ६९ कडे परतला. स्पेनच्या मार्क मार्केझचा ९३ वडिलांचा नव्हे. १९९३ हें त्याचें जन्मवर्ष.

कांहीं आंकडे आतां कोणासही मिळत नाहींत. अमेरिकेचा केव्हिन श्वान्ट्झ १९९५ सालीं निवृत्त झाला तेव्हां त्याचा ३४ हा आंकडा त्याच्या सन्मानार्थ कायमचा बाजूस ठेवण्यांत आला. रॉसीच्या ४६ चाही २०२२ सालीं असाच गौरव झाला. परंतु सर्वच आंकडे असे आनंदानें ठेवलेले नाहींत. जपानचा दाइजिरो काटो २००३ सालीं सुझुका येथील अपघातानंतर वारला. त्याचा ७४ पुन्हां कोणास दिला नाहीं. हेडन २०१७ सालीं इटलींत सायकल चालवीत असतां मोटारीच्या धडकेनें गेला. त्याचा ६९ २०१९ सालीं ठेवून दिला. आणि इटलीचा मार्को सिमॉन्सेल्ली २०११ च्या ऑक्टोबरांत मलेशियांत सेपांग येथें, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षीं, शर्यतींतच मृत्यु पावला. त्याचा आंकडा ५८. त्याच्या गांवाजवळील मिझानो येथील मार्गास त्याचें नांव देण्यांत आलें. त्याचे वडील पाओलो यांनीं तरुण स्वारांसाठीं एक पथक काढलें व त्याच्या नांवांत ५८ हा आंकडा घातला. २०१९ सालीं मिझानोच्या त्याच मार्गावर त्या पथकाचा जपानी स्वार तात्सुकी सुझुकी आपल्या वर्गांत पहिला आला. पुत्राच्या नांवाच्या मार्गावर, पुत्राच्या आंकड्याच्या पथकानें मिळविलेला तो विजय पाहतांना त्या पित्यास काय वाटलें असेल, याची कल्पना आमच्या वाचकांपैकीं जे पालक आहेत त्यांसच येईल.

शेवटीं आपल्या देशांतली एक हकीकत सांगून हा लेख पुरा करितों. २०२३ च्या सप्टेंबरांत दिल्लीजवळ ग्रेटर नोयडा येथें मोटो-जी.पी.ची शर्यत भारतांत प्रथमच झाली. तो वर मागें सांगितलेला बान्याया आदल्या वर्षींचा जगज्जेता असल्यामुळें १ हा आंकडा लावून आला होता. तो मध्येंच घसरून पडला व शर्यतींतून बाद झाला. जिंकला तो ७२ आंकड्याचा मार्को बेझेक्की. परंतु बान्यायानें धीर सोडला नाहीं. उरलेल्या शर्यती नेटानें पुऱ्या करून त्या वर्षाचें जगज्जेतेपद त्यानेंच राखलें. पुढच्या वर्षीं मात्र तें होर्हे मार्टिननें घेतलें आणि २०२५ सालीं १ ची पाटी मार्टिनच्या गाडीवर चढली. त्या वर्षीं तो दुखापतींमुळें अर्ध्याहून अधिक शर्यतींस मुकला. पाटीवरचा १ कोणास पडण्यापासून वांचवीत नाहीं, आणि ७२ कोणास जिंकण्यापासून अडवीत नाहीं.

ही सर्व हकीकत आम्हीं त्या सायकलवाल्या विद्यार्थ्यास सांगितली. तो क्षणभर विचार करून म्हणाला, "म्हणजे सर, रॉसीच्या आधीं ४६ हा नुसताच ४६ होता!" इतक्या थोडक्या शब्दांत हें आम्हांसही सांगतां आलें नसतें. त्याचा हजेरीचा नंबर ३१ आहे. त्या आंकड्यासही आज कांहीं अर्थ नाहीं. तो उद्यां यावा कीं नाहीं, हें त्याच्या हातीं आहे. आणि पालकांस आमची इतकीच विनंति कीं, निकालाच्या दिवशीं "नंबर कितवा?" असें अवश्य विचारावें, परंतु पाल्य पडला असेल तर तो उठून पुढें कसा चालला, हेंही विचारण्यास विसरूं नये.