घोड्याचे बळ ओळखा

राळेगणसिद्धी हे नाव तुम्ही ऐकलेच असेल. हे गाव अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात आहे. येथे पाऊस कमी पडतो. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी पावसाचे पाणी अडवले आणि जमिनीत मुरवले. आणखी एक शहाणपण त्यांनी दाखवले. पाणी किती आहे हे पाहून त्यांनी पिके निवडली आणि फार पाणी लागणारा ऊस टाळला. जमिनीकडे तिच्या ताकदीपेक्षा जास्त मागू नये, हे त्यांनी ओळखले.

हाच नियम जनावरांनाही लागू पडतो. याच तालुक्यात ढवळपुरी भागात मेंढपाळ धनगर राहतात. पावसाळा संपला, की ते मेंढरांसह चाऱ्याच्या शोधात दूर जातात. त्यांचा संसार घोड्यांच्या पाठीवर असतो. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कोंबड्या आणि चालू न शकणारी कोकरेसुद्धा! हे घोडे भीमथडी जातीचे असतात. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमा नदीच्या खोऱ्यातील हे घोडे उंचीने लहान, पण काटक असतात.

काटक घोडाही किती ओझे वाहू शकतो? सर्वसाधारणपणे स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त भार नसावा. समजा, घोड्याचे वजन ३०० किलो आहे. मग त्याच्यावर ६० किलोपर्यंतच भार ठेवावा. घोडा म्हातारा किंवा अशक्त असेल किंवा वाट चढाची असेल, तर भार आणखी कमी करावा.

वयाचाही विचार हवा. दोन वर्षांचे शिंगरू दिसायला मोठे वाटते. पण त्याची हाडे अजून वाढत असतात. पाठीच्या कण्याची वाढ पूर्ण व्हायला पाच-सहा वर्षे लागतात. लहान वयात फार भार टाकला किंवा फार पळवले, तर घोडा जन्माचा अधू होऊ शकतो.

शिक्षणही पायरीपायरीने द्यावे लागते. आधी चालणे, मग दुडकी चाल आणि शेवटी भरधाव धावणे. नियमित सरावाने घोड्याचा दम काही आठवड्यांत वाढतो. हाडे आणि पायांच्या शिरा बळकट व्हायला मात्र कित्येक महिने लागतात. म्हणून घोडा दमत नाही, एवढे पाहून त्याला जास्त पळवणे धोक्याचे असते.

शांत उभ्या असलेल्या निरोगी घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ वेळा पडते. धावल्यावर ती वाढते. विश्रांतीनंतरही ती लवकर खाली आली नाही, तर मेहनत जास्त झाली असे समजावे.

आता स्वाराकडे पाहू. नवशिक्या स्वाराचा तोल जातो. मग तो लगाम ओढतो आणि घोड्याचे तोंड दुखावते. म्हणून नवशिक्याला शांत, शिकलेला घोडा द्यावा आणि नव्या घोड्यावर जाणता स्वार बसवावा. दोघेही नवखे असतील, तर दोघांनाही इजा होण्याची भीती असते.

लगाम, खोगीर, नाल, स्वार हे मराठी शब्द तुम्हांला उर्दूमुळे ओळखीचे वाटतील. शब्दांप्रमाणे घोड्याची भाषाही शिकता येते. तो कान मागे पाडतो, शेपटी झटकतो, लंगडतो किंवा पाठीला हात लावू देत नाही. ही त्याच्या त्रासाची चिन्हे आहेत.

तुम्ही माथेरान किंवा महाबळेश्वरला सहलीला जाल, तेव्हा घोड्यावर बसण्यापूर्वी त्याच्याकडे नीट पाहा. तो लंगडतो का? पाठीवर जखम आहे का? आपले वजन त्याला पेलेल का? शंका वाटली, तर बसू नका. घोड्याला ‘आता पुरे’ असे म्हणता येत नाही. ते आपणच ओळखायला हवे.