पडद्यावरचा नायक आणि आपली तरुण पिढी

चित्रपट म्हणजे तीन तासांची करमणूक, एवढेच समजून आपल्या पिढीने त्याकडे पाहिले. आजचे तरुण तसे पाहत नाहीत. रविवारची वंदना आटोपली की विहाराच्या पायऱ्यांवर त्यांचा वाद रंगतो. ‘फँड्री’ श्रेष्ठ की ‘सैराट’? ‘ब्लॅक पँथर’मधला राजा बरोबर की त्याच्यावर चालून आलेला शत्रू? वडीलधाऱ्यांना हा पोरखेळ वाटतो. वस्तुतः या वादाच्या मुळाशी समाजाच्या स्वाभिमानाचा प्रश्न आहे, म्हणून तो समजून घेणे आवश्यक आहे.

भारतीय चित्रपटात अस्पृश्यतेचा विषय नवा नाही. १९३६ साली बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ आला. त्यात ब्राह्मण तरुणावर प्रेम करणारी अस्पृश्य कस्तुरी शेवटी रेल्वेखाली प्राण गमावते. १९५९ साली बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ आला. ब्राह्मण घरात वाढलेली अस्पृश्य मुलगी आपले रक्त देऊन पालक आईचे प्राण वाचवते, तेव्हा कुठे ती आई तिला लेक मानते. हे दोन्ही चित्रपट सद्‌हेतूने काढलेले होते, त्या काळात ते धाडसाचेही होते. परंतु दोन्हींत आपली मुलगी माणूस ठरण्यासाठी काय मोजते? एक जीव देते, दुसरी रक्त देते. प्रेक्षक डोळे पुसून घरी जातो. त्याला दया येते, पण त्याला जाब कोणी विचारत नाही.

हा जाब विचारला नागराज मंजुळे यांनी. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे हे दिग्दर्शक. २०१४ साली महाराष्ट्रात प्रदर्शित झालेल्या त्यांच्या ‘फँड्री’त जब्याचे कुटुंब पकडलेले डुक्कर खांद्यावर घेऊन शाळेच्या भिंतीवरून जाते आणि त्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई, गाडगेबाबा यांची चित्रे असतात. चित्रे भिंतीवर आहेत आणि डुक्कर खांद्यावर आहे! यावर वेगळे भाष्य करावे लागत नाही. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या अंगावर येतो. २०१६ च्या ‘सैराट’ने तर सारा महाराष्ट्र नाचवला आणि अखेरच्या दृश्यात त्याच महाराष्ट्राला गप्प केले. २०१८ साली त्यावरून हिंदीत ‘धडक’ निघाला. कथा तीच, पण त्यात जात इतकी पुसट झाली की, मग शेवटची ती हत्या कशासाठी, असा प्रश्न अनेकांनी केला.

त्याच वर्षी पा. रंजित यांचा तामीळ चित्रपट ‘काला’ आला. तो घडतो आपल्या धारावीत. नायक काळ्या कपड्यांतला, जमीन बळकावणारा खलनायक पांढऱ्या शुभ्र पोशाखातला. काळे म्हणजे वाईट आणि गोरे म्हणजे चांगले हा पडद्यावरचा जुना हिशेब रंजित यांनी उलटा मांडला. तिथला नायक कोणाची दया मागत नाही, तो वस्ती उभी करतो.

चित्रपट पारखताना म्हणूनच एक प्रश्न विचारावा. बँकेत आम्ही जसे पाहतो, की खाते कोणाच्या नावे आहे ते ठीक, पण सही कोणाची चालते? पडद्यावर आपला माणूस दिसला म्हणजे खाते आपल्या नावे झाले. कथेतला निर्णय तो घेतो का आणि ती कथा सांगणारा कोण, यावरून सही कोणाची ते कळते.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा प्रश्नही हाच होता आणि त्यांच्याशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९६६ साली ओकलंड शहरात ‘ब्लॅक पँथर पार्टी’ स्थापन झाली आणि तिच्यावरून १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ हे नाव आले. ‘ब्लॅक पँथर’ हा चित्रकथेतला नायकही १९६६ सालचाच, पण तो निर्माण केला दोन गोऱ्या कलावंतांनी. २०१८ साली त्याच्यावर भव्य चित्रपट निघाला, तेव्हा दिग्दर्शक रायन कूगलर, त्यांचे सहलेखक आणि बहुतेक सारे कलावंत कृष्णवर्णीय होते. या चित्रपटाने तीन ऑस्कर मिळवले. बावन्न वर्षांनी सही बदलली!

आता मुलांच्या वादाकडे येऊ. चित्रपटातला वाकांडा हा आफ्रिकेतला काल्पनिक देश. कधी कोणाचा गुलाम न झालेला, अफाट संपत्तीचा आणि विज्ञानात सर्वांच्या पुढे. पण जगापासून लपलेला. ओकलंडच्या गरीब वस्तीत पोरका वाढलेला त्याच राजघराण्याचा मुलगा किलमॉन्गर येऊन विचारतो, आमचे लोक जगभर चिरडले जात असताना तुम्ही दारे का लावून बसलात? त्याचा मार्ग रक्तपाताचा आहे, तो धम्माला मान्य होणार नाही. वैराने वैर शमत नाही, ही तथागतांची शिकवण. पण त्याचा प्रश्न खोटा नाही. राजा टिचालालाही तो पटतो आणि शेवटी तो त्याच ओकलंडच्या वस्तीत मदत केंद्र उघडतो.

मला वाटते, हा प्रश्न आपल्यालाही आहे. शिक्षणामुळे, राखीव जागांमुळे, आई-वडिलांच्या कष्टामुळे आपल्यापैकी काहीजण वाशी-नेरूळच्या फ्लॅटमध्ये आले. हा आपला छोटा वाकांडाच! आत आल्यावर दार लावून घेतले का? १९५६ साली आग्र्याच्या भाषणात बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जी खंत व्यक्त केली, ती याच बंद दाराबद्दल होती.

म्हणून समाजबांधवांना विनंती आहे की, मुलांचा हा वाद थांबवू नका. महिन्यातून एकदा विहारात एक चित्रपट दाखवा, त्यावर मुलांना बोलू द्या, मोठ्यांनी ऐकावे. आणि खाडीपलीकडच्या, गावाकडच्या एका तरी मुलाच्या शिक्षणाचा भार प्रत्येक सुस्थित घराने उचलावा. पडद्यावरचा नायक आपला झाला याचा आनंद जरूर मानू या. त्या नायकाने उघडलेले दार आपणही उघडू या.

जय भीम! नमो बुद्धाय!