बंद झालेली गोळी

डिस्चार्जची दुपार

डॉक्टर सकाळी अकराला ‘आज सोडतो’ म्हणतात आणि पेशंट गाडीत बसतो संध्याकाळी सहाला. मधला वेळ मेडिक्लेमची मंजुरी, शेवटचे बिल आणि फाईलच्या झेरॉक्स यांत जातो. निघताना सिस्टर औषधांची पिशवी हातात देतात, “सगळं कार्डावर लिहिलंय” म्हणतात आणि पुढच्या पेशंटकडे वळतात. आजी घरी जाणार असल्या तर निदान मुलगा-सून ते कार्ड चारदा वाचतात. पण त्या वृद्धाश्रमात किंवा केअर सेंटरमध्ये जाणार असल्या, तर तीच पिशवी रात्रपाळीच्या मावशींच्या हातात पडते. त्यांनी आजींना पूर्वी कधी पाहिलेले नसते, आणि तिथले डॉक्टर यायचे असतात परवा.

औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी इजा कमी करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये मोहीम सुरू केली. तीन गोष्टींकडे आधी बघा, असे तिने सांगितले: जोखमीची औषधे आणि परिस्थिती, एकाच वेळी चालू असलेली अनेक औषधे, आणि पेशंटचे एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणे. वृद्धाश्रमाकडे निघालेल्या आजींच्या गाडीत या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी बसलेल्या असतात.

एक गोळी, दोन नावे

आजींचा एक जुना डबा असतो, बहुतेक बिस्किटांचा. त्यात रक्तदाबाची ‘टेल्मा ४०’ आहे. रुग्णालयाच्या मेडिकलमधून आली ‘टेल्मिकाइंड ४०’. दोन्हींत औषध एकच, टेल्मिसार्टन. पण मावशींच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गोळ्या: एक डब्यातली, एक पिशवीतली. घरच्यांनी दोन्ही दिलेल्या, म्हणून दोन्ही चालू. डोस दुप्पट झाल्याचे कुणाच्या लक्षात येत नाही. रात्री बाथरूमला उठताना आजींना अंधारी येते, त्या पडतात आणि खुब्याचे हाड मोडते. मग सगळे म्हणतात, “फरशी ओली होती.”

म्हणून यादीत कंपनीच्या नावाशेजारी मूळ औषधाचे नाव हवेच. स्ट्रिपवर ते छापलेले असते. फक्त मेडिकलवाल्याने कापून चार गोळ्या दिल्या, की नाव आणि मुदतीची तारीख नेमकी उरलेल्या तुकड्यावर राहते.

कार्डावर नाही, म्हणजे काय?

माझ्या मते खरी गोम इथे आहे. डिस्चार्ज कार्ड काय घ्यायचे ते सांगते. काय बंद केले, ते बहुधा सांगत नाही. जुनी गोळी कार्डावर दिसली नाही, तर त्याचे दोन अर्थ निघतात: डॉक्टरांनी विचार करून ती थांबवली, किंवा लिहायची राहून गेली. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

जुलाबांनी अंगातले पाणी कमी झाले, किडनीवर ताण आला, म्हणून रुग्णालयात लघवी वाढवणारी गोळी थांबवली. ती जुन्या डब्यातून पुन्हा सुरू झाली, तर सगळे मूळपदावर. उलट, हाड मोडून हाडांच्या विभागात भरती झालेल्या आजींची थायरॉइडची गोळी कार्डावर यायची राहिली, तर पुढच्या काही आठवड्यांत त्या मंद होतात, झोपून राहतात, आणि ‘आता वय झालं’ असे म्हणून सगळे गप्प बसतात.

डॉक्टर मंडळी दोन याद्या जुळवण्याच्या या कामाला ‘मेडिकेशन रिकन्सिलिएशन’ म्हणतात. आपल्याकडे दुकानदार रोज रात्री हिशेबाचा ताळा जुळवतो, तसलेच हे काम. भरती होण्याआधीची यादी आणि आजची यादी शेजारी ठेवायची आणि प्रत्येक जुन्या गोळीपुढे चालू, बदलली किंवा बंद यांपैकी एक शब्द लिहून घ्यायचा. बंद असेल तर का, आणि कायमची की पुढच्या तपासणीपर्यंत, हेही. सोडणाऱ्या डॉक्टरांकडून हे दहा मिनिटांत होते. परवा वृद्धाश्रमातून फोनवर विचारायला गेलात, तर ड्युटीवरचे डॉक्टर बदललेले असतात.

काही गोळ्यांचे याच्या उलट होते. वॉर्डातल्या दिव्यांमुळे आणि आवाजामुळे झोप येईना, म्हणून चार रात्रींपुरती दिलेली झोपेची गोळी कार्डावर चढते आणि वर्षभर उतरत नाही. वृद्धांना शक्यतो टाळावीत अशा औषधांची यादी अमेरिकेत मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्ये केली, ती मुळात नर्सिंग होममधल्या वृद्धांसाठीच. आजच्या सुधारित यादीत झोपेच्या गोळ्या ठळकपणे आहेत. मात्र बरेच दिवस घेतलेली अशी गोळी आपल्या मनाने एकदम तोडू नये, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावी.

फक्त रविवारी

संधिवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. वृद्धाश्रमाचा तक्ता मात्र रोजचा: सकाळ, दुपार, रात्र. त्यात ती चुकून रोज पडू लागली, तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि जिवावर बेतते. ‘आठवड्यातून एकदा’ एवढे पुरत नाही, वारच लिहावा: फक्त रविवारी. बाकी सहा दिवसांच्या चौकटींवर काट मारून ठेवावी.

लाल टोपी, नारिंगी टोपी

आपल्याकडे इन्शुलिनच्या बाटल्या बहुधा ४० युनिट प्रति मिलिलिटरच्या असतात, पेनमधली कार्ट्रिज १०० ची. सिरिंजही दोन: ४० ची सहसा लाल टोपीची, १०० ची नारिंगी. पेन बिघडले म्हणून कुणी कार्ट्रिजमधले इन्शुलिन लाल टोपीच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढले, तर अंगात जातात २५ युनिट. रात्री साखर कोसळते, आणि घामाघूम झालेल्या आजी झोपल्या आहेत असेच वाटते. बाटली आणि तिची सिरिंज एकाच पिशवीत बांधून द्यावी.

दोष मावशींचा नाही

इंग्लंडमधल्या ५५ केअर होममध्ये २५६ वृद्धांची औषधे तपासली गेली; २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. प्रत्येकाची सरासरी आठ औषधे, आणि दहांपैकी सुमारे सात जणांच्या औषधांत निदान एक चूक. त्यांत देणाऱ्यांच्या चुका होत्या, तशा लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या आणि औषध विक्रेत्यांच्याही.

आमच्या ओळखीतल्या एका मावशी गोळी गिळवत नसेल तर ती कुटून मधातून देत. मायेनेच देत. पण ‘एसआर’ किंवा ‘एक्सएल’ लिहिलेली गोळी दिवसभर हळूहळू सुटण्यासाठी केलेली असते. कुटली की सगळा डोस एकदम. हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

पहिली संध्याकाळ

आठच्या गोळ्या देण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: आजचा शेवटचा डोस किती वाजता झाला? रक्त पातळ करणारे इंजेक्शन निघताना दिले असेल, तर लगेच पुन्हा तसलेच काही नको. निघण्यापूर्वी सिस्टरकडून त्या वेळा कार्डाच्या कोपऱ्यात लिहून घ्याव्यात.

आणि तो बिस्किटांचा डबा मावशींच्या हाती देऊ नये. कचऱ्यातही टाकू नये. चिकटपट्टी लावून बंद करावा, वर ‘देऊ नये’ असे ठसठशीत लिहावे, आणि परवा डॉक्टर आले की त्यांच्यासमोर उघडावा.