पंच कार्ड कधीच गेलं, मग ७२वा रकाना आजही का सांभाळावा लागतो?

टिटवाळ्याहून सकाळची लोकल पकडायची, ठाण्याला उतरून ऐरोलीची गाडी धरायची. अशा रोजच्या प्रवासाने आयटी पार्क गाठणाऱ्या एखाद्या फ्रेशरला मेनफ्रेम असेम्ब्लरचं काम मिळालं, तर त्याला एक अजब नियम शिकावा लागतो. कोडमध्ये काय लिहिलंय याबरोबरच ते कितव्या रकान्यात लिहिलंय, हेही बघायचं!

हा नियम आला कुठून?

आयबीएमने १९२८ मध्ये ८० रकान्यांचं पंच कार्ड आणलं. एका रकान्यात एक अक्षर, एका कार्डावर कोडची एक ओळ. १९६४ मध्ये जाहीर झालेल्या सिस्टीम ३६० च्या असेम्ब्लरने हाच साचा घेतला.

रकान्यांची वाटणी कशी?

१ ते ७१ मध्ये सूचना. ती पुढच्या ओळीत न्यायची असेल, तर ७२व्या रकान्यात एखादं अक्षर, बहुतेकदा 'एक्स'. पुढची ओळ १६व्या रकान्यापासून. ७३ ते ८० मध्ये अनुक्रमांक. कार्डांचा गठ्ठा हातातून पडला, तर त्यावरूनच तो पुन्हा लावता यायचा.

मग धोका काय?

समजा, सूचना दोन ओळींची आहे. ७२व्या रकान्यात 'एक्स' आहे, पण पहिल्या ओळीच्या शेवटी स्वल्पविराम राहिला. असेम्ब्लर पुढची ओळ शेरा समजतो. तिथले पर्याय गळतात आणि प्रोग्राम तरीही तयार होऊ शकतो. चूक कळते ती थेट चालवताना.

यातून वाट कशी काढतात?

लांब सूचनेत एका ओळीवर एकच पर्याय लिहितात. शेरे वेगळ्या ओळीवर, पहिल्या रकान्यात तारा टाकून. एडिटरमध्ये 'कॉल्स' लिहिलं की रकान्यांची पट्टी दिसते. १९९२ मध्ये आलेल्या हाय लेव्हल असेम्ब्लरमध्ये 'फ्लॅग' पर्यायाखाली 'कॉन्ट' सुरू ठेवलं, तर संशयास्पद जोड-ओळींवर इशारा मिळतो.

नियमच का बदलत नाहीत?

'आयसीटीएल' ही सूचना देऊन रकाने बदलता येतात. पण लायब्ररीतून येणारे मॅक्रो जुन्याच साच्यात वाचले जातात. शिवाय अनेक दशकांचा कोड याच मापात लिहिलेला आहे. तो बदलून पुन्हा तपासण्यापेक्षा स्वल्पविराम तपासणं स्वस्त पडतं.