विराट पुरुषाची तसबीर आणि रॉकची तबकडी

रॉक संगीताच्या तबकड्यांवरील वेष्टनांचा इतिहास लिहिणाऱ्या आपल्याकडील पंडितांची एक जुनी खोड आहे, ती अशी की, त्यांची कथा लंडनमध्ये सुरू होते आणि लंडनमध्येच संपते. जिमी हेन्ड्रिक्सच्या १९६७ सालच्या ‘ॲक्सिस : बोल्ड ॲज लव्ह’चे सारे वेष्टन ज्या छापील देवचित्रावर उभे आहे, त्याला ते ‘बाजारू’ म्हणून एका ओळीत निकालात काढतात. रचना डेव्हिड किंग व रॉजर लॉ यांची, छायाचित्र कार्ल फेरिस यांचे, त्यावरून हेन्ड्रिक्स व त्याच्या दोन साथीदारांचे चेहरे रंगवले लॉ यांनी, हा मजकूर सर्वश्रुत आहे. खुद्द हेन्ड्रिक्सला आपल्या घराण्यातील अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या वारशाची खूण हवी होती. पदरी पडला विराट पुरुष, म्हणजे विष्णूचे विश्वरूप.

परंतु गीतेच्या अकराव्या अध्यायातील ते विश्वरूप एका कागदावर मांडायचे म्हणजे एकाच धडावर अनेक मुखे बसवण्याचा बिकट पेच. तो आपल्या चित्रकारांनी मुख्य मुख मध्ये ठेवून, उरलेली दोहों बाजूंस पंख्यासारखी उतरती लावून असा सोडवला, की मिरचीच्या ढिगापलीकडून, अडत्याच्या गादीवरील कॅलेंडरातही देव ओळखू यावा. तीन वादकांना बसायला जागा आयतीच तयार होती.

या कारागिरीची परंपरा मोठी आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत काढलेला आणि पुढे मळवलीस गेलेला छापखाना, ज्यासाठी सिनेमाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळक्यांनीही काम केले, तिथे प्रत्येक रंगासाठी निराळा दगड, त्यावर चित्र उलटे काढायचे, आणि एक छटा वाळल्यावर दुसरी नेमकी तिच्यावर उतरवायची, अशी शिस्त होती. पुढे ऑफसेट आले, चित्रकार मुळगावकरांची कॅलेंडरे घरोघर गेली. माझ्याकडील एका जुन्या छापात, भिंगाखाली पाहिले, तर मुकुटाचा पिवळा काळ्या रेषेबाहेर केसभर ओघळलेला दिसतो. तो छापणाऱ्याच्या हाताचा पुरावा मला कोणत्याही सहीपेक्षा अधिक विश्वसनीय वाटतो.

हेन्ड्रिक्सच्या तबकडीनंतरची तीस वर्षे सोडून देतो. १९९७ साली एरोस्मिथच्या ‘नाइन लाइव्हज’वर कृष्णाच्या धडावर मांजराचे मुंडके आले, भाविकांनी निषेध केला, कंपनीने वेष्टन बदलले. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याने पाहावा. मला तिथे खटकला तो डोके उडवून डोके चिकटवण्याचा आळस.

आज नागपूरच्या कळमना बाजार आवारात वाटली जाणारी कॅलेंडरे पाहावीत, तर सर्व देवांचे गाल एकाच संगणकातून घोटून काढल्यासारखे, आणि दुकानाचे नाव देवाहून मोठे. जुनी तसबीर कोणी जपायला काढलीच, तर चौकटवाला काच बसवण्याआधी खालची पांढरी पट्टी कापून टाकतो. छापखान्याचे, कधी कधी चित्रकाराचेही नाव असते ते नेमके त्याच पट्टीवर. आणि मग आमचे पंडित विचारतात, की या चित्रांना कर्ता होता याला दाखला काय!