पांढरी पेशी आणि सोनेरी जिवाणू

१९५० च्या दशकात अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड रॉजर्स यांनी सूक्ष्मदर्शकातून टिपलेली एक छोटी फिल्म आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना दाखवली जाते. एक पांढरी पेशी तांबड्या पेशींना बाजूला सारत एका जिवाणूच्या मागे लागते. तो सरकला की तीही वळते आणि अखेर त्याला गिळून टाकते. तिला ना डोळे, ना मेंदू. तरी शत्रूचा माग ती सोडत नाही.

ही न्यूट्रोफिल पेशी. निरोगी प्रौढाच्या रक्तातील पांढऱ्या पेशींत साधारणपणे निम्म्याहून अधिक याच असतात. अस्थिमज्जा त्या रोज सुमारे दहा हजार कोटी तयार करते, कारण त्या फार काळ टिकत नाहीत.

त्वचेला जखम झाली आणि जिवाणू आत शिरले की तिथल्या पेशी रासायनिक संदेश सोडतात. जवळच्या रक्तवाहिनीचे अस्तर चिकट होते. वाहत जाणारी न्यूट्रोफिल तिथे मंदावते, गडगडत पुढे सरकते, थांबते आणि अस्तराच्या फटीतून अंग आक्रसून बाहेर पडते. पुढची वाट जिवाणूच दाखवतो. त्याच्या प्रथिनांच्या तुकड्यांवर एक खास रासायनिक खूण असते; ते जिकडे दाट, तिकडे ही पेशी वळते.

गिळलेला जिवाणू एका पिशवीत कोंडला जातो. त्या पिशवीत विकरे ओतली जातात आणि ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड व शेवटी हायपोक्लोरस आम्ल तयार होते. कपड्यांच्या क्लोरीन ब्लीचमध्ये जंतू मारणारे रसायन हेच. ते बनवणारे विकर हिरव्या रंगाचे असते, म्हणूनच पुवात कधीकधी हिरवट झाक दिसते. बर्लिनच्या संशोधकांनी २००४ साली आणखी एक शस्त्र उजेडात आणले: न्यूट्रोफिल आपल्या डीएनएचे जाळे बाहेर फेकून जिवाणूंना त्यात अडकवते.

इतके असूनही गळवे होतात, कारण समोरचाही तयारीचा आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा त्यातला पटाईत. प्रयोगशाळेत त्याच्या वसाहती सोनेरी दिसतात. तो सोनेरी रंगच त्याचे चिलखत आहे; पांढऱ्या पेशीच्या जहाल रसायनांचा मारा तो झेलतो. ज्यांचा हा रंग काढून घेतला, ते जिवाणू पांढऱ्या पेशींपुढे फार कमी टिकले, असे २००५ साली प्रयोगांत दिसले.

त्याची दुसरी युक्ती अधिकच थक्क करते. आपली प्रतिपिंडे इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची असतात. दोन हातांनी ती जिवाणूला धरतात आणि त्यांचे शेपूट पांढऱ्या पेशीच्या पकडीसाठी मोकळे राहते. हा जिवाणू आपल्या अंगावरच्या एका प्रथिनाने नेमके ते शेपूटच पकडतो. प्रतिपिंड उलटे चिकटते आणि पांढऱ्या पेशीला धरायला काही उरत नाही. शिवाय पांढऱ्या पेशींना भोके पाडणारी विषेही तो सोडतो. गळवातला पू म्हणजे मुख्यतः या झुंजीत कामी आलेल्या न्यूट्रोफिल, जिवाणू आणि वितळलेल्या ऊती.

तरीही बहुतेक वेळा आपल्या पेशीच जिंकतात, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यांचे मोल कळते ते त्या कमी झाल्यावर. कर्करोगाच्या केमोथेरपीत अस्थिमज्जेचे काम मंदावते. रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेल्या की साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. पू धरायलाही पेशी नसतात, त्यामुळे कधीकधी ताप हे एकच लक्षण दिसते. म्हणून घरात कोणाची केमोथेरपी चालू असेल आणि ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला, तर सकाळची वाट पाहू नका; रात्र असली तरी लगेच रुग्णालय गाठा.