भोर-वेल्हे परिसरातील नळाच्या पाण्याची दुष्फेनता

ज्या पाण्यात साबणाला सहज फेस येत नाही, बंबाच्या आत पांढरी खपली धरते आणि तुरीची डाळ शिजता शिजत नाही, त्यास व्यवहारात जड पाणी व शास्त्रीय परिभाषेत दुष्फेन पाणी म्हणतात. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे विद्राव्य क्षार हे त्याचे कारण होय. पुणे जिल्ह्याच्या दक्षिण-पश्चिम कोपऱ्यातील भोर व वेल्हे (ज्यास आता राजगड हे नाव देण्यात आले आहे) या दोन तालुक्यांत या गुणधर्माचा अभ्यास विशेष उद्‌बोधक ठरतो. येथे खडक सर्वत्र एकच, दक्षिणेच्या पठाराचा काळा बेसाल्ट, असूनही पाणी मात्र एकच नाही.

या भेदाचे मूळ पाण्याच्या प्रवासात आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस उतारावरून वेगाने वाहत वेळवंडीवरील भाटघर, नीरेवरील नीरा-देवघर, कानंदीवरील गुंजवणी आणि आंबी व मोसे या नद्यांवरील पानशेत व वरसगाव या जलाशयांत साठतो. खडकाशी त्याचा सहवास अल्पकाळाचा. म्हणून हे पाणी सुफेन राहते. भाटघरचे विद्यमान धरण १९२८ साली पूर्ण झाले ते मुख्यतः नीरेच्या कालव्यांसाठी. ज्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण मुलखास ते पाणी पुरविते, तेथील विहिरी मात्र सामान्यतः अधिक क्षारयुक्त असतात, हा विरोधाभास लक्षात ठेवण्याजोगा आहे.

जे पाणी जमिनीत मुरते त्याची गोष्ट निराळी. मातीतील मुळांच्या श्वसनातून व सेंद्रिय द्रव्यांच्या कुजण्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि तयार झालेले सौम्य कार्बनिक आम्ल बेसाल्टमधील प्लॅजिओक्लेज व ऑजाइट या खनिजांवर हळूहळू क्रिया करते. त्यातून कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बायकार्बोनेटे पाण्यात उतरतात. जितका काळ अधिक, तितकी दुष्फेनता अधिक. बायकार्बोनेटांमुळे येणारी दुष्फेनता अस्थायी असते. पाणी उकळताच कॅल्शियम कार्बोनेट अवक्षेपित होऊन पातेल्याच्या तळाशी बसते. या नियमास एक अपवाद आहे. बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट खनिजे असतात. ती कॅल्शियम घेऊन सोडियम देतात. त्यामुळे एखाद्या खोल विंधनविहिरीचे पाणी सुफेन, परंतु सोडायुक्त लागते. खोली वाढली की जडपणा वाढलाच पाहिजे, हे गृहीत म्हणून सरसकट ग्राह्य नाही.

पुणे-सातारा मार्गालगत नसरापूर, कापूरहोळ यांसारखी गावे उपनगरी रूप घेऊ लागली की तेथील पाण्याचा उद्भव एकच राहत नाही. नदीकाठची विहीर, योजनेचे पाणी, सोसायटीची विंधनविहीर व उन्हाळ्यातील टँकर ही सारी एकाच टाकीत एकत्र येतात. अशा वेळी दुष्फेनता हे मिश्रणाचे मापन करण्याचे स्वस्त साधन होते. समजा, जलाशयाच्या पाण्याची दुष्फेनता प्रति लिटर ४० मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात) आणि विंधनविहिरीची ३६० आहे. नळाचे पाणी माघात १२० व वैशाखात २८० भरले, तर भूजलाचा वाटा एक चतुर्थांशावरून तीन चतुर्थांशांवर गेला, असे साध्या त्रैराशिकाने निघते. टाकीत थोडे कार्बोनेट अवक्षेपित होण्याचा संभव असल्याने क्लोराइडचे मापनही जोडीस घ्यावे. ते असे खाली बसत नाही. क्लार्कने १८४१ मध्ये सुचविलेल्या साबणाच्या परीक्षेऐवजी आता इ.डी.टी.ए.चे अनुमापन रूढ आहे. सामू १० ठेवून द्रावणाचा मद्यासारखा लाल रंग निळा होईपर्यंत ते करावयाचे असते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची स्वीकार्य दुष्फेनता प्रति लिटर २०० मिलिग्रॅम असून अन्य उद्भव नसल्यास ६०० पर्यंत मुभा आहे. जड पाणी गैरसोयीचे असले तरी तेवढ्यानेच ते अपायकारक ठरत नाही. तथापि लोकमत याच एका गुणावर पाण्याची परीक्षा करते आणि घरोघरी व्युत्क्रमी परासरणाची यंत्रे बसतात. ती शुद्ध पाण्यापेक्षा अधिक पाणी गटारात सोडतात. ज्या पाण्यात एकूण विद्राव्य घनद्रव्ये प्रति लिटर ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तेथे या यंत्रांस प्रतिबंध करावा, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१९ मध्ये दिला होता.

उलट, सुफेन पाणी निर्धोक असते ही समजूत अधिक घातक आहे. पानशेत व वरसगावचे पाणी खाली खडकवासल्यास येते. जानेवारी २०२५ मध्ये त्या जलाशयाजवळील नांदेड, किरकटवाडी या नव्याने शहरात आलेल्या भागांत गियाँ-बारे या मज्जाविकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. काही रुग्णांच्या शौचनमुन्यांत कँपिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू मिळाला आणि संशय पाण्याकडे वळला. अशा जंतूंची वार्ता दुष्फेनतेच्या आकड्यात उमटत नाही.

दुष्फेनता अगदीच मुकी आहे, असेही नव्हे. मैलाकुंडे व शोषखड्डे यांतून झिरपणारे सांडपाणी जमिनीत कुजताना कार्बन डायऑक्साइड वाढविते, अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल निर्माण होते, आणि दोहोंमुळे खडकातून अधिक कॅल्शियम सुटतो. वस्ती दाटत असताना एखाद्या विहिरीची दुष्फेनता वर्षानुवर्षे चढत असेल आणि तिच्याबरोबर क्लोराइड व नायट्रेटही चढत असतील, तर दोष खडकाचा नसून वस्तीचा मानणे युक्त होय. नायट्रेटाची मर्यादा प्रति लिटर ४५ मिलिग्रॅम आहे. केवळ दुष्फेनता चढून ती दोन स्थिर असतील, तर उपसा वाढून खोलचे जुने पाणी वर येत आहे, ही शक्यता प्रथम तपासावी.

नमुना घेताना एक भेद पाळणे अगत्याचे आहे. दुष्फेनतेचा नमुना स्वच्छ बाटलीत प्रयोगशाळेपर्यंत आणता येतो. अवशिष्ट क्लोरीन मात्र वाटेतच उडून जातो. त्याची किमान ०.२ मिलिग्रॅमची परीक्षा नळाशीच, आणि तीही टाकीजवळच्या नळाशी नव्हे तर वाहिनीच्या शेवटच्या घरी, केली पाहिजे.